माशांच्या पेटीवरचा तवंग

माझी बायको शेजारणीबरोबर हसायची आणि मला ते सहन होत नसे. मागचंपुढचं काही सांगण्याआधी हे वाक्य लिहून टाकतो, कारण नंतर लिहायचं म्हटलं की मी ते टाळीन. आजवर टाळतच आलो.

साठचं दशक संपत आलं होतं. नागपूरजवळच्या एका वीज केंद्राच्या वसाहतीत आम्ही राहत होतो. मी, बायको आणि माझी आई. दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे न्हाणी, पुढे छोटा ओटा. मी केंद्राच्या पाण्याच्या लॅबमध्ये होतो. बॉयलरला जाणारं पाणी तपासायचं, त्यात क्षार किती, तेलाचा अंश आला का, ते बघायचं. तीन पाळ्यांची नोकरी. मुळात माझं बोलणं कमी, आणि रात्रपाळी असली की दिवसा घरात मी म्हणजे बाहेरच्या खोलीतल्या खाटेवरचं एक गाठोडं.

बायको नरखेडकडची. चार बहिणींच्या घरातून आलेली, सकाळपासून कोणी ना कोणी बोलतंय अशा घरातून. आमच्याकडे आल्यावर तीही गप्प झाली. मला वाटे, स्वभाव आहे. आईची एक शिस्त होती. सुनेनं रिकामं बसायचं नाही. हाताला काम असेल तर बसलेलं चालेल, बोललेलं चालेल, शेजारीण आली तरी चालेल. पापड लाटायचे असोत की तांदूळ निवडायचे. पण नुसतीच कोणी येऊन टेकली की आई आतून विचारी, "काय काम होतं वं?" आणि ती बाई पदर सावरून उठे.

माशांची पेटी आमच्याकडे आली ती एका इंजिनिअर साहेबांची बदली झाली म्हणून. ट्रकमध्ये फुटेल, तूच ने, असं ते म्हणाले. दोन हात लांबीची पेटी, लोखंडी पट्ट्यांची चौकट, काचा जवसाच्या तेलात मळलेल्या लांबीनं, म्हणजे पुटीनं, बसवलेल्या. काही काळ्या मॉली आणि शेपट्या मिरवणारे गप्पी. मला वाटलं, मी कामावर गेलो की हिला विरंगुळा होईल. हे खरंच वाटलं होतं. तेवढं श्रेय घेतो, पुढे घ्यायला काही नाही.

जागा नव्हती म्हणून पेटी स्वयंपाकघरात, माठाशेजारी ठेवली. आठवड्याभरात पाण्यावर तवंग आला. दुधावर साय धरते तसा पातळ पापुद्रा, तिरप्या उजेडात निळाजांभळा चमकणारा. बोट फिरवलं की फाटायचा आणि हळूहळू पुन्हा जुळायचा. खाली पाणी स्वच्छ, पण मासे सगळे वर येऊन तोंडं उघडून उभे. वरचा पापुद्रा हवा आत जाऊ देत नव्हता. मी दोनदा अर्धं पाणी बदललं. तवंग पुन्हा आला.

समोरच्या क्वार्टरमधली शेजारीण एका सकाळी विरजण मागायला आली. वसाहतीच्या प्राथमिक शाळेत ती शिकवायची. शाळा दुपारची, त्यामुळे सकाळी मोकळी. नवरा कोळशाच्या विभागात. मी त्या दिवशी दुपारपाळीला होतो, चहा पीत बसलो होतो.

"हे काय वं? मासे असे वर तोंड काढून काहून राहिले?"

"पाण्यावर साय येते," बायको माझ्याकडे न बघता म्हणाली. "यायनं दोनदा पाणी बदललं. तरी येतेच."

"बॉयलरचं पाणी साफ करतेत भाऊजी, अन् घरचं नाई होत?"

बायको हसली नाही, पण तिनं खाली मान घातली ती हसू लपवायला हे मला दिसलं.

"एक पेपर आण, जुना," शेजारीण म्हणाली. "हं. तू तिकडून धर. अवं, ओढू नको! टेकव नुसता. पोळी टाकतो ना तव्यावर, तशी. आता थांब जराशी, भिजू दे. आता उचल, माह्या संगं. वाकडी नको करू, सांडते सारं."

वर्तमानपत्राचं पान पाण्यावरून उठलं आणि त्याला चिकटून सगळा तवंग उठला. पाणी असं दिसलं की जणू नुकतंच भरलं. दुसरं पान टाकलं, राहिलेलं तेही गेलं. मासे एकेक करून खाली गेले.

"कुठं शिकली तू हे?" बायकोनं विचारलं.

"ट्रेनिंगले होती ना मी, तिथं होती अशी पेटी. मलेच लावलं होतं या कामाले. शिकवणं कमी शिकली, साय जास्त काढली."

तेव्हा बायको हसली. आधी नाकातून, मग तोंडावर हात ठेवून, आणि मग हात काढून. लग्नाला तीन वर्षं होत आली होती आणि हा आवाज मी ऐकलेला नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "झालं का? मला डबा हवा आहे."

त्या दिवसापासून शेजारीण रोज येऊ लागली. रोज तवंग येई, रोज दोघी पेटीच्या दोन बाजूंना उभ्या राहून पेपर धरीत. काम होतं, म्हणून आईला काही म्हणता येत नव्हतं. फक्त एक झालं. थोड्याच दिवसांत आईनं पेटी स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत हलवायला लावली. "माठाजवळ ओल येते," म्हणाली. ओल येत नव्हती. शेजारीण बौद्ध होती आणि तिचे हात माठाच्या जवळ पाण्यात जात होते, हे खरं कारण. मला ते कळलं. असल्या गोष्टींवरून मी एरवी आईशी भांडायचो, लॅबमध्ये तावातावानं बोलायचो. या वेळी मी पेटी उचलली आणि गुपचूप बाहेर नेऊन ठेवली.

आता पेटी माझ्या खाटेजवळ आली. रात्रपाळी करून मी आठला झोपायचो आणि दहाला दोघी पेपर घेऊन यायच्या. मी डोळे मिटून पडलेला असे. त्यांचं बोलणं कुजबुजत चाले. कोणाच्या घरी कोणती भाजी, शाळेतल्या कुठल्या पोरानं काय म्हटलं, नरखेडच्या बागेत संत्री तोडताना लहानपणी कोण झाडावरून पडलं. ही गोष्ट मला माहीतच नव्हती. पडली ती माझी बायकोच होती. तिच्या पाठीवर एक जुनी खूण आहे. मी कधी विचारलं नव्हतं, आणि शेजारणीला ती आता माहीत झाली.

एकदा हसणं जरा मोठ्यानं झालं.

"हळू वं, भाऊजी झोपले."

"ते झोपले का उठले, सारखंच," बायको म्हणाली.

मग दोघींचं दाबून धरलेलं हसणं, आणि हातातल्या ओल्या पेपरातून टपटप पाणी फरशीवर. मी कूस बदलली नाही. घशात काहीतरी आंबट आलं ते तसंच गिळलं. त्या वाक्यात खोटं काही नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं.

परपुरुषावरून जळणारा माणूस निदान ओरडू शकतो. मी काय ओरडणार होतो? की माझी बायको एका बाईबरोबर पाण्यावरची साय काढते? लोक हसले असते. मी रोज खाटेवर पडून कान देत असे, आणि माझं नाव निघतं का ते ऐकत असे. निघायचं नाही. त्याचाही राग यायचा.

मग मी ठरवलं, तवंगच बंद करायचा. पाणी हे तर माझं काम. फोडणीचा धूर असेल म्हणावं तर पेटी आता बाहेर होती. वसाहतीत सगळीकडे राख उडायची, दोरीवरचे कपडे करडे व्हायचे, म्हणून मी पेटीवर काचेचं झाकण बसवलं. लांबीतलं जवसाचं तेल सुटत असेल म्हणावं तर ती आता वाळून दगड झाली होती. शेवटी सीताबर्डीवरच्या एका दुकानातून हवेचा छोटा पंप आणला. नळीतून बुडबुडे वर आले की पाण्याचा पृष्ठभाग सतत हलतो, पापुद्रा धरत नाही. विजेची काळजी नव्हती, वीज तर आम्हीच बनवत होतो.

पंप गुरगुरायला लागला आणि तवंग खरोखर गेला. दुसऱ्या दिवशी शेजारीण आली, पेटीपाशी उभी राहिली.

"आता काय करू वं मी?"

बायको म्हणाली, "बस ना."

आतून आईचा आवाज आला, "पाणी तं साफ झालं. आता काय काम निघालं?"

शेजारीण ओट्यापर्यंत गेली, बायको तिच्यामागे दारापर्यंत. मी खाटेवर पडल्या पडल्या हे पाहिलं आणि मला शांत झोप लागली. फार दिवसांनी लागली.

पाचसहा दिवस असे गेले. मग एका सकाळी कोपऱ्यात, बुडबुड्यांचा जोर पोचत नाही तिथे, तवंग दिसला. दुसऱ्या दिवशी जास्त. शेजारीण पुन्हा पेपर घेऊन हजर. "पंपाले नाई जमलं का भाऊजी?" तिनं विचारलं, आणि बायको शेजारणीकडे बघायचं टाळतेय, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. तेव्हा मला शंका आली.

शाळेत असताना एक गंमत दाखवली होती. स्वच्छ पाण्यावर कापराचा बारीक तुकडा टाकला की तो आपोआप गरगर फिरतो. पाण्यावर तेलाचा अगदी थोडा अंश असला तरी फिरत नाही, पडून राहतो. मी आईच्या देवघरातून कापराची वडी घेतली. रात्रपाळीवरून आल्याबरोबर वाटी पेटीच्या कडेला तिरपी बुडवली, वरवरचं पाणी घेतलं आणि त्यात कापराचा कण टाकला. फिरला. असा फिरला की बघत राहावं. मग मी आंघोळीला गेलो, चहा घेतला, आणि शेजारीण यायच्या आधी पुन्हा वाटीभर पाणी घेतलं. कण पडला तिथेच पडून राहिला.

म्हणजे मधल्या वेळात घरातल्या घरात तेल येत होतं.

दुसऱ्या सकाळी मी न्हाणीच्या दाराआड उभा राहिलो. बायकोनं वेणी घातली, खोबरेल तेलाची बाटली बंद केली. मग पेटीपाशी आली, झाकण सरकवलं, आणि उजव्या हाताचं एक बोट पाण्यावरून हलकेच फिरवलं. उंबऱ्याला कुंकू लावावं तितक्या सहज. माशांकडे क्षणभर बघितलं आणि झाकण लावून चूल पेटवायला गेली.

त्या वेळी मला सगळं कळलं. हे मला मागाहून सुचलेलं नाही. या घरात मैत्रिणीला नुसतं बस म्हणता येत नाही, म्हणून ती रोज एक बोट तेल पाण्याला लावून मैत्रिणीसाठी काम तयार करत होती. पंप चालू असताना तेवढ्या तेलानं मासे मरणार नव्हते, हेही मला माहीत होतं. पाण्याच्या बाबतीत मला नसतं कळलं तर कोणाला?

मला तिची दया यायला हवी होती. आली ती जळजळ. माझ्यासाठी हिनं इतकी युक्ती कधी केली होती? मी घरी थांबावं म्हणून, माझ्याशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून, हिनं कधी बोट तरी हलवलं होतं का? हे मनात आलं आणि तिथेच बसलं.

दुपारी जेवताना मी आईला म्हणालो, "तेलानं मासे गुदमरतात. कोणी मुद्दाम लावत असेल तर एक दिवस सगळे मरतील."

"कोण लावते?" आई म्हणाली.

मी भाकरी वाढणाऱ्या बायकोच्या हाताकडे बघितलं, फक्त बघितलं. आईला तेवढं पुरलं.

"मुक्या जिवाले?" आई तिला म्हणाली. "काहून वं? कोणासाठी?"

बायकोनं भाकरी माझ्या ताटात ठेवली. आत गेली.

पुढच्या सकाळी शेजारीण आली तेव्हा मी बाजारात निघालो होतो, ओट्यावर बसून बूट घालत होतो. बायको दारात पेपर हातात घेऊन उभी. आई तिच्यापुढे आली.

"आता नको येत जाऊ बाई. मासे आमचे, आम्ही पाहू. अन् घरच्या पाण्यात कोणाचाही हात मले नाई चालत."

'कोणाचाही' म्हणजे कोणाचा, हे तिघींनाही कळलं, मलाही. असलं काही आई माझ्यादेखत कधी बोलत नसे, मी चिडेन म्हणून. त्या दिवशी बोलली. मी चिडणार नाही हे तिला आदल्या दुपारीच समजलं होतं. शेजारणीनं माझ्याकडे पाहिलं. ती वाट बघत होती. मी एका बुटाची नाडी बांधली. मग दुसऱ्या बुटाची बांधली.

"बरं, मावशी," ती म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली.

संध्याकाळी बायको म्हणाली, "मले एकटीले सांगता नसतं आलं का तुमाले?"

"काय सांगायचं?"

"हेच, की तुमाले आवडत नाई."

मी म्हणालो की न आवडण्याचा प्रश्न नाही, मासे मेले असते. तिनं मान हलवली, जसं एखाद्या परक्या माणसाचं म्हणणं ऐकून हलवतात. तो विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. पाणी त्यानंतर कायम स्वच्छ राहिलं. कापूर टाकला असता तर रोज फिरला असता. बायको पेटीकडे बघतसुद्धा नसे. खाणं मी घालायचो, झाकण मी पुसायचो. पुढे एका सहकाऱ्याला ती देऊन टाकली. शेजारणीच्या नवऱ्याची बदली झाली त्या दिवशी मी कामावर होतो. बायको रस्त्यापर्यंत गेली होती की नाही, मला माहीत नाही. विचारलं नाही.

नंतर आई गेली. मुलगी झाली, शिकली, सासरी गेली. आम्ही नागपुरात घर बांधलं. बायको माझ्याशी वाईट कधी वागली नाही. डबा, औषध, पाहुणे, सगळं वेळेवर. बोलायचीही. पण नाकातून सुरू होऊन तोंडावरचा हात काढून टाकणारं ते हसणं पुन्हा आलं नाही. मुलीबरोबर हसायची ते वेगळं. मी ओळखायचो, इतके दिवस कान देऊन ऐकलेलं होतं.

मागच्या वर्षी एका लग्नात वसाहतीतलं कोणी भेटलं. म्हणालं, त्या शाळेतल्या बाई रिटायर होऊन इथंच नागपुरात, इंदोऱ्याकडे राहतात, नवरा वारला. घरी आल्यावर बायको मेथी निवडत बसली होती आणि मी पहिल्यांदा त्या विषयाला हात घातला. साठी उलटली की माणसाला वाटतं, आता बोलून टाकावं.

"त्या वेळी तुम्ही दोघी इतक्या कशाला हसायच्या?"

"आठवत नाई."

"माझ्यावर?"

तिनं मान वर केली. "तुमाले एवढंच पाहिजे होतं ना? नाई. तुमच्यावर नाई हसत होतो."

मी म्हणालो, "जाऊन ये तिच्याकडे."

"काय म्हणून जाऊ?"

"मैत्रिणीकडे जायला निमित्त कशाला लागतं?"

"तुमच्या घरात लागत होतं," ती म्हणाली, आणि मेथीचे दांडे सुपात वेगळे करत राहिली.

दारातल्या त्या सकाळबद्दल मी तेव्हा बोललो. नाडीबद्दलसुद्धा. चुकलो, असं म्हणालो. तिनं ऐकून घेतलं. "मले काय सांगता," एवढंच म्हणाली. खरंच होतं. सांगायचं होतं ते दुसऱ्या घरी. अजून गेलेलो नाही.

पण ती गेली. काही दिवसांनी, एका दुपारी जेवण झाल्यावर, इस्त्रीचं लुगडं नेसली आणि "येते जाऊन" म्हणाली. कुठे ते बोलली नाही. हातात काही नव्हतं. दिवेलागण होऊन गेली तेव्हा परतली. उशीर झाला म्हणाली नाही, तिथे काय झालं तेही नाही. मी विचारणार होतो, त्या बाई माझ्याबद्दल काही म्हणाल्या का. विचारलं नाही.

ती स्वयंपाकाला लागली. मी बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसलो. थोड्या वेळानं आतून आवाज आला. कणीक मळता मळता ती एकटीच हसत होती. आधी नाकातून. मग मोकळं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाई."

आणि मला, या वयात, सगळं कळून, सगळं कबूल करून झाल्यावर, घशात तेच आंबट आलं. मी उठून ओट्यावर जाऊन बसलो. तिला मोकळेपणी हसता यावं म्हणून, असं लिहिलं तर बरं दिसेल. पण खरं ते असं की मला ते ऐकवत नव्हतं.